विदर्भातील छोट्या आदिवासी जमातीला शासनमान्यता कोण देते?

अनुसूचित जमातींच्या यादीत नवे नाव घालण्याचा अधिकार कलम 342 नुसार केवळ संसदेला आहे. त्याआधी राज्य सरकारची शिफारस, तसेच भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग यांची सहमती लागते. त्यामुळे तहसीलवर मोर्चा नेऊन हे काम होत नाही.

मात्र यादीत नाव असूनही लढावे लागते, हे चंद्रपूर-गडचिरोलीतील माना समाजाने भोगले आहे. यादीत त्यांचे नाव गोंडांच्याच नोंदीत असल्यामुळे ते गोंडांची पोटजमात की स्वतंत्र जमात, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2006 मध्ये माना ही स्वतंत्र जमात असल्याचे मान्य झाले. तरीही जमातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीपुढे कुटुंबाकडे सहसा 1950 पूर्वीचा कागद मागितला जातो: कोतवाल पंजीतील (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील) आजोबांची जन्मनोंद किंवा शाळेचा दाखल-खारीज उतारा. ज्या घरात त्या पिढीतील कोणी शाळेची पायरीच चढले नाही, त्यांच्याकडे असा उतारा मागणे मला अन्यायाचे वाटते. अशा कुटुंबांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीच्या प्रमाणित नकलेसाठी आधी अर्ज करावा, कारण जुनी पाने जीर्ण होत चालली आहेत.