जागा सोडू नकोस

प्रिय दोस्ता,

कोकण रेल्वेच्या मालगाड्यांचे तुझे फोटो पाहिले. सगळ्यांत इंजिनच इंजिन, कोकण कुठेच नाही. आणि वर विचारतोस, आणखी लांबची लेन्स घेऊ का? नको. एक जागा धर आणि ती सोडू नकोस.

मालगाडीची वेळ कळत नाही म्हणून बाइकवरून तिच्या मागे सुटतोस. अरे, लाइन बहुतेक ठिकाणी एकेरी आहे, वेळ एक्सप्रेसच सांगते! समज, गोव्याकडे जाणारी रो-रो, म्हणजे भरलेले ट्रक वाहून नेणारी मालगाडी, उक्षी स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी आहे. समोरून येणारी एक्सप्रेस स्टेशनात आली की काही मिनिटांत रो-रो सुटते. मागून येऊन पुढे जाणारी असेल, तर ती पुढचं स्टेशन गाठेपर्यंत रो-रोला स्टार्टर, म्हणजे सुटायचा सिग्नल, मिळत नाही. तू नेमका तेवढ्यात कंटाळतोस. तेव्हाच जागा सोडायची नसते.

जागा रेल्वेच्या हद्दीबाहेरची, सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची. कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या डोंगराच्या, अगदी कडेला नको, पावसाळ्यानंतर जांभ्याची कड ढासळते. विजेचे खांब ज्या बाजूला असतील त्याच्या समोरची बाजू घे, नाहीतर प्रत्येक ट्रकवर एक खांब येतो. उंचावरून तारा झाडीत मिसळतात, खालून आभाळावर रेघा मारतात.

उन्हाचं बघ. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला, म्हणून मडगावकडे जाणाऱ्या गाडीचं तोंड उजळतं आणि रोह्याकडे येणारीचं काळं पडतं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ उलटं. वळणावर गाडीचं तोंड कुठे फिरतं, ते कंपासवर आधीच पाहून ठेव.

हेडलाइट कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो, डोंगर काळा होतो. मॅन्युअलवर जा, गाडी यायच्या आधी रुळालगतच्या खडीवर एक्स्पोजर ठरव, तिथेच फोकस लॉक कर. शटर भरधाव गाडीला १/८०० सेकंद, स्टेशनातून नुकत्याच सुटलेल्या भरलेल्या गाडीला १/२५० पुरतं. आणि इंजिन दिसल्याबरोबर बटण दाबू नकोस! रो-रोची मजा मागच्या ट्रकांत आहे: ताडपत्र्या, रंगीत केबिनी. अख्खी रांग वळणावर येऊ दे. रत्नागिरी-निवसर दरम्यानच्या पानवल पुलावर तर ३५ मिमीची रुंद लेन्स लाव. खांब ६४ मीटर उंच आहे, इंजिन काडेपेटीएवढं दिसलं तरच ती उंची कळते.

मला हट्टी म्हणशील. म्हण. लाइनभर धावून काढलेले वीस फोटो एकसारखे निघतात. एकाच वळणावर जुलैचं धुकं, ऑक्टोबरचं पिवळं गवत, मार्चचा उघडा कातळ पकड, दोन फोटो सारखे निघणार नाहीत. म्हणून सांगतो, जागा सोडू नकोस.

एसी गाडीतून उतरलास की कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू दे, दमट हवेत काच धुरकटते. पुढच्या खेपेला एकाच वळणाचे फोटो पाठव, सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे.