कार्यालय बुक करताय? आधी हे विचारून घ्या

ताई, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त असतील तर चांगली कार्यालयं खूप आधीच भरतात, त्यामुळे गुरुजींकडून दोन-तीन तारखा काढून घ्या आणि मगच फिरायला निघा. भाडं सगळे विचारतात हो, पण हॉल नक्की किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ताब्यात मिळणार ते कोणी विचारत नाही, सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असेल तर तो वेळ धरलाय का, केटरर त्यांचाच घ्यावा लागतो का, जीएसटी, लाईटबिल, जनरेटर, साफसफाई वेगळं का, हे सगळं पावतीवर लिहूनच घ्या. तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय तेही. रात्री १० नंतर स्पीकर बंद, रिसेप्शन त्या हिशोबाने ठेवा. आणि आजी-आजोबांसाठी लिफ्ट स्वतः चालवून बघाच, प्लीज.