खामचे पुढारी आणि १९५० चं नवं राज्य : एका अभ्यासकाला पत्र

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, पण दुसऱ्याच पानावर तू खामच्या, म्हणजे तिबेटच्या पूर्व सीमेवरच्या मुलखातल्या, पुढाऱ्यांची 'साथ देणारे' आणि 'विरोध करणारे' अशी वाटणी करून टाकली आहेस. ती आजच काढ. खाममधल्या देर्गेचा सरदार जागो तोपदेन घे. १९३६ मध्ये चिनी कम्युनिस्टांचं लाल सैन्य खाममधल्या कान्झेला आलं तेव्हा उभ्या राहिलेल्या अल्पजीवी 'बोपा' सरकारात तो होता, पुढे कुओमिंतांगच्या, म्हणजे कम्युनिस्टांआधीच्या चिनी राजवटीच्या, काळातही त्याचं वजन टिकलं आणि १९५० मध्ये नव्या स्वायत्त प्रदेशाचा तो उपाध्यक्ष झाला. याला कुठल्या रकान्यात बसवणार? तिथले सरदार राजवटी येता-जाताना आपली वतनं सांभाळत होते. त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांच्या हाती काय राहिलं आणि काय गेलं, याचा माग काढायचा.

आधी नदी पक्की कर. द्रिचूच्या (चिनी नकाशावर ती चिनशा आहे) पूर्वेचा खाम १९३९ पासून चीनच्या शीखांग प्रांतात होता. तिथला लष्करशहा ल्यू वनह्वी ९ डिसेंबर १९४९ ला कम्युनिस्टांकडे गेला, मार्च १९५० मध्ये सैन्य दार्त्सेदोत म्हणजे खांगतिंगमध्ये शिरलं आणि २४ नोव्हेंबर १९५० ला तिथे तिबेटी स्वायत्त प्रदेश जाहीर झाला. नदीच्या पश्चिमेला ल्हासाचा अंमल होता. तिथे ऑक्टोबर १९५० मध्ये छाम्दो चिनी सैन्याच्या हाती पडलं आणि 'छाम्दो मुक्ती समिती' आली. म्हणजे एकाच खाममध्ये दोन वेगळी प्रशासनं. ल्हासा आणि पेकिंग यांच्यातल्या २३ मे १९५१ च्या सतरा कलमी करारातलं अकरावं कलम सुधारणांची सक्ती होणार नाही असं सांगतं, पण ते ल्हासाच्या अमलाखालच्या मुलखापुरतंच. नदीच्या पूर्वेच्या कान्झे, लिथांग, बाथांग यांना त्याचं कवच नव्हतं. या विषयावरचे निम्मे प्रबंध इथेच घसरतात : करार सगळ्या तिबेटी मुलखाला लावतात आणि मग १९५६ चा उठाव पूर्वेला आधी का पेटला, हे त्यांना सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न : जिंकलेल्या सैन्याने सरदारांना पदं का दिली? उत्तर कोरडं आहे. भाषा येणारे कार्यकर्ते मोजके, रस्ता नाही, आणि पश्चिमेकडे निघालेल्या सैन्याला धान्य आणि याक हवेत. याक उभे करायचे तर 'उला', म्हणजे तिथली वाहतुकीची वेठ, ज्याच्या शब्दावर चालते त्या माणसाकडेच जावं लागणार. नवं सरकार वाहतुकीचे पैसे चांदीच्या नाण्यांत देत होतं, कारण कागदी नोटेला तिथे कोणी विचारत नव्हतं. (त्या बाजारात आधी चालणारा 'सछ्वान रुपया' आपल्या व्हिक्टोरिया छापाच्या रुपयावरून बेतलेला होता, राणीच्या जागी चिनी सम्राट. हिंदुस्थानी चांदीचा दरारा तिथवर होता.) २५ डिसेंबर १९५४ ला मोटाररस्ता ल्हासाला पोचला. ही तारीख भिंतीवर लिहून ठेव. ट्रक धावू लागले की सरदाराच्या याकांची गरज घटते, आणि गरज घटली की त्याच्या पदाची किंमतही.

आता कामाची पद्धत. प्रत्येक माणसासाठी एक तक्ता कर. आडवे रकाने सालांचे : १९३६, १९५०, १९५३, १९५५, १९५६, १९५९. उभे रकाने सहा : पद, बंदुका, धान्य आणि वेठ, न्यायनिवाडा, मठाशी नातं, सोयरीक. पदाचा रकाना सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा, म्हणून तो शेवटी भर. बाकीचे पाच रिकामे असतील तर तो माणूस नामधारी होता असं लगेच ठरवू नकोस, तुझी साधनं अपुरी आहेत एवढंच धर.

पद नुसतं लिहून भागत नाही. शेजारी दोन गोष्टी हव्यात : त्याच कचेरीत पक्षसमितीचा सचिव कोण, आणि अध्यक्ष कुठला. १९५० च्या स्वायत्त प्रदेशाचा अध्यक्ष सांग्ये येशे, चिनी कागदांतला थ्येनपाओ. तो तिबेटी खरा, पण बारखामकडचा, ग्यालरोंग बोली बोलणारा, १९३५ मध्ये लाल सैन्यात गेलेला. कान्झेच्या सरदारांना तो बाहेरचाच. म्हणजे मांडणी अशी : अध्यक्ष पक्षाने घडवलेला, उपाध्यक्ष जुने वतनदार. कानसू प्रांतातल्या गान्नान या तिबेटी स्वायत्त प्रदेशात १९५३ ला उलटं दिसतं. तिथे अध्यक्षपद थेट आपा आलोला मिळालं, चिनी कागदांत ह्वांग चंगछिंग. हा लाब्रांग मठाचा प्रमुख लामा पाचवा जाम्यांग शेपा याचा भाऊ आणि कुओमिंतांगच्या काळातला तिथला लष्करी अधिकारी. हा फरक का पडला, याचं एक प्रकरण सहज होईल. माझा अंदाज, लाब्रांगमध्ये मठ आणि फौज एकाच घरात होती. त्याला वगळून कोणी उभंच राहू शकलं नसतं.

छाम्दोच्या समितीतलं एक नाव जवळून बघ. छाम्दोचा अवतारी लामा फाग्पाल्हा गेलेक नामग्याल १९५० पासून तिचा उपसंचालक होता, असं त्याचं अधिकृत चरित्र सांगतं. त्याचा जन्म १९४० चा. दहा वर्षांच्या मुलाचं नाव यादीत आलं की समजायचं, ती जागा व्यक्तीची नसून 'लाब्रांग'ची आहे (इथे मठाचं नाव नव्हे) : लामाच्या गादीची मालमत्ता आणि कारभार. शोध त्या गादीच्या कारभाऱ्याचा घ्यायचा, कारण गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे.

नावांचा घोळ तुला सर्वांत जास्त वेळ खाईल. जागो तोपदेन चिनी कागदांत 'शिया ख ताव तंग' होतो आणि सूचीत 'श'खाली जातो. एकच माणूस दोन कार्डांवर चढतो किंवा काका-पुतणे एका कार्डावर येतात. म्हणून प्रत्येक कार्डावर तिबेटी लिपीतलं नाव, चिनी अक्षरं, घराण्याचं नाव आणि गाव अशा चार ओळी हव्यात. गाव जुळत नसेल तर कार्डं एकत्र करू नकोस. तारखांचंही तसंच. चिनी प्रजासत्ताकाच्या सालात १९११ मिळवायचे, म्हणजे ३८ वं साल १९४९. तिबेटी लोह-व्याघ्र वर्ष १९५० चं, पण ते फेब्रुवारीत सुरू होतं. त्यामुळे त्याच्या बाराव्या महिन्यातली घटना १९५१ मध्ये पडते. धान्याचं माप 'खल' ल्हासाकडे साधारण १४ किलो धरतात. खाममध्ये ते जागोजागी बदलतं, तेव्हा मूळ आकडा तसाच ठेव, किलोत आणू नकोस.

मृत्यूची नोंद दोन बाजूंच्या साधनांखेरीज करू नकोस. कान्झेजवळच्या बेरी मठाचे गेदा तुल्कू (तुल्कू म्हणजे अवतारी लामा) नव्या सरकारातर्फे वाटाघाटीला छाम्दोला गेले आणि २२ ऑगस्ट १९५० ला तिथेच वारले. चिनी बाजूने विषप्रयोगाचा ठपका तिबेट सरकारच्या नोकरीतला ब्रिटिश रेडिओ ऑपरेटर रॉबर्ट फोर्ड याच्यावर ठेवला. तो १९५५ पर्यंत कैदेत होता आणि त्याने आरोप कायम नाकारला. तू लिहिताना 'हत्या' आणि 'आजार' दोन्ही शब्द टाळ. 'छाम्दोत मृत्यू' लिहून खाली दोन्ही बाजू दे.

१९५५ पासून मात्र हात सैल सोडून लिही, सगळं तिथे आहे. त्या साली शीखांग प्रांतच मोडला, कान्झे सछ्वानमध्ये गेलं आणि 'स्वायत्त प्रदेशा'चं 'स्वायत्त प्रिफेक्चर', म्हणजे प्रांताखालचा विभाग, झालं. १९५६ च्या सुरुवातीला जमीनवाटप, वर्गवारी आणि शस्त्रजप्ती एकदम आली. तुझ्या तक्त्यात बंदुका, धान्य आणि न्याय हे तिन्ही रकाने एकाच हंगामात रिकामे होतील. पदाचा रकाना मात्र बहुतेकांच्या बाबतीत भरलेलाच राहतो, काही वेळा पद वाढतंसुद्धा. अनेकांना बैठकांच्या आणि 'अभ्यासा'च्या निमित्ताने घरापासून दूर ठेवलं गेलं. त्यांच्या मागे कोणी बंदूक उचलली ते सोयरिकीच्या रकान्यात शोध. न्यारोंगमध्ये ग्यारी घराण्याच्या दोर्जे युदोन या बाईने उठावाचं नेतृत्व केलं. पुरुषांच्याच याद्या करत बसलास तर ती निसटेल. त्याच वसंतात लिथांगच्या मठावर विमानांतून बॉम्ब पडले. जून १९५८ मध्ये छुशी गांगद्रुक ही सशस्त्र प्रतिकाराची संघटना उभी करणारा गोम्पो ताशी लिथांगचाच, पण तो व्यापारी होता, वतनदार नव्हता. नेतृत्व कुठून कुठे सरकलं ते इथे दिसतं.

साधनांचा क्रम सांगतो. आधी त्या त्या काउंटीचं चिनी गॅझेटिअर, त्यातली घटनावली आधी वाच, चरित्रं नंतर. मग चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेने छापलेले आठवणींचे खंड. ते लिहिणारे बहुतेक जण वाचलेले, पदावर टिकलेले लोक, आणि १९५६ वर ते दोन ओळींत उरकतात. म्हणून लगेच धरमशालेच्या तिबेटी ग्रंथालयातल्या मौखिक मुलाखती घे. त्यांचा तोल उलट बाजूला झुकतो : १९५० ते ५५ ची देवाणघेवाण तिथे पुसट होते. कालिंपोंगहून निघणारं थारचिन यांचं तिबेटी वृत्तपत्र १९६३ पर्यंतचं आहे, ते बातमी सीमेपार कधी पोचली हे तपासायला. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ल्हासाच्या आपल्या कचेरीचे कागद मागताना फाइल क्रमांक अचूक दे, विषय सांगून काही मिळत नाही.

धरमशालेच्या आधी गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला जा. १९७२ पासून तिथे तिबेटी वसाहत आहे. मुलाखतीत 'चीन' शब्दाने सुरुवात करू नकोस. विचार : तुमच्या गावचा तंटा कोण सोडवायचं, वेठीला याक कोण पाठवायचं, ते कोणत्या साली थांबलं. माणूस खामचा नसेल तर नम्रपणे चहा पिऊन उठ, त्याच्या तोंडी खामची गोष्ट घालू नकोस.

जागो तोपदेन, आपा आलो आणि फाग्पाल्हाच्या गादीचा कारभारी असे तीन तक्ते आधी कर. तिसरा अर्धा रिकामा राहील, तसाच पाठव.