टॅग लावण्याआधी बंदर गाठा

मुशी (शार्क) आणि पाकट (रे) यांच्या संचाराचा अभ्यास टॅगपासूनच, म्हणजे माशाला लावायच्या मागोवा घेणाऱ्या खुणेपासूनच, सुरू करावा, ही तुमची उत्सुकता मी जाणतो. तरीही पहिले वर्ष ससून डॉक किंवा मालवणच्या बंदरावर पहाटे लिलावाआधी उतरलेले मासे मोजण्यात घालवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुशीची मुस्कटापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्या, पाकटाची मात्र अंगाची रुंदी, कारण त्याची शेपटी पुष्कळदा तुटलेली असते. नराच्या पोटाखालच्या परांलगतचे दोन दांडीसारखे अवयव दाबून पाहा: मऊ असतील तर तो अजून वयात आलेला नाही, कडक असतील तर प्रौढ. पुढे टॅग लावाल तेव्हा एक ध्यानात ठेवा: ध्वनिटॅगची, म्हणजे ध्वनिसंकेत सोडणाऱ्या टॅगची, नोंद मासा ते संकेत टिपणाऱ्या ग्राहकयंत्राच्या टप्प्यात आला तरच होते. तेव्हा नोंद नाही म्हणजे मासाच नाही, असे कधीही लिहू नका.