कोल्हापुरात आई-वडील दोघेच राहतात. चोरी आणि फसवणुकीपासून त्यांना कसे सांभाळावे?

आपण विचारले आहे की, नोकरीमुळे आपण पुण्यात असता, आई-वडील कळंब्याच्या बाजूला बंगल्यात दोघेच राहतात, अलीकडे त्यांच्या कॉलनीत एक घरफोडी झाली आणि सकाळी फिरायला गेलेल्या एका बाईंच्या गळ्यातले गंठण ओढून नेले, तेव्हा कॅमेरे बसवावेत की आणखी काही करावे. मी कोल्हापुरातच, अशाच एका उपनगरात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो. कॅमेरे जरूर बसवा. परंतु त्यांचा खरा उपयोग चोरी झाल्यानंतर तपासासाठी होतो. आपल्या आई-वडिलांच्या वयाच्या माणसांबाबत मला कुलूप तोडणाऱ्यापेक्षा गोड बोलून किंवा धाक घालून त्यांच्याच हातून ऐवज काढून घेणाऱ्याची काळजी अधिक वाटते, आणि त्यावर कॅमेऱ्याचा काही इलाज चालत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या बाबतीत घडले ते सांगतो. सकाळी भाजी घेऊन परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांना थांबवले. "आजी, पुढच्या चौकात काल खून झालाय, साहेब तपासणीला उभे आहेत, एवढे सोने घालून कुठे निघालात?" असे एकाने दरडावून विचारले. तेवढ्यात समोरून एक गृहस्थ चालत आले. त्यांनाही तसेच हटकले, आणि त्यांनी मुकाट्याने आपली चेन व अंगठी काढून त्या माणसाने दिलेल्या कागदात बांधली. ते पाहून आजींनीही बांगड्या आणि मोहनमाळ काढली. पुडी त्यांच्या डोळ्यांदेखत बांधून पिशवीत ठेवली गेली. घरी येऊन उघडली तेव्हा आत खडे आणि काचेच्या बांगड्या निघाल्या. समोरून आलेले ते गृहस्थ त्यांच्यापैकीच होते, आणि माझ्या मते सगळा डाव त्यांच्यावरच उभा होता, कारण दुसऱ्या कोणी निमूटपणे ऐकले की आपल्यालाही शंका घेणे गैर वाटू लागते. आई-वडिलांना एवढे पक्के सांगा की कोणताही पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही आणि कागदात बांधूनही देत नाही. कोणी तसे म्हणालेच, तर "माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात चला" एवढे मोठ्याने म्हणून जवळच्या दुकानात किंवा ओळखीच्या घरात शिरावे आणि ११२ ला फोन लावावा.

दारावर येणारे भांडी-दागिने उजळून देणारे याच पठडीतले. आधी तांब्याचा गडू लख्ख करून दाखवतात, मग बांगड्या मागतात. सोने विरघळवणाऱ्या आम्लात त्या बुडवल्या की वजन घटते. किंवा हळदीच्या पाण्यात घालून कुकरमध्ये गरम करायला सांगतात आणि कुकर थंड होईपर्यंत दागिने घेऊन पसार होतात. दागिना उजळायचाच असेल तर गुजरीत आपल्या नेहमीच्या सराफाकडे न्यावा आणि समोर बसून वजन करून घ्यावे.

फोनवरच्या फसवणुकीतही तोच धाक असतो, फक्त माणूस दिसत नाही. "आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा महावितरणच्या नावाचा संदेश, लग्नपत्रिका म्हणून आलेली आणि उघडताच मोबाईलचा ताबा घेणारी एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाईल, व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून "तुमच्या आधारवर गुन्हा आहे, खोलीबाहेर जाऊ नका, कोणाला सांगू नका" असे बजावणारा तोतया अधिकारी, ही त्यातली नेहमीची रूपे. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटकच नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. आणि "कोणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडताच फोन ठेवून मुलांना फोन करायचा, हे घरात ठरवून टाका.

पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तोवर काढली न गेलेली रक्कम रोखता येते. चोर ती भराभर अनेक खात्यांत फिरवत असल्याने अर्ध्या तासाचेही मोल फार असते. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते आणि त्यानंतरचे बँकेचे. अडचण अशी की वयस्कर माणसे लाजेने आणि मुलांच्या रागाच्या भीतीने दोन-दोन दिवस बोलतच नाहीत. म्हणून आजच त्यांना मनापासून सांगा की फसलात तरी आम्ही एका शब्दानेही बोलणार नाही, फक्त लगेच फोन करा. मला हे सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

घरफोडीबद्दल थोडक्यात. बाहेरून मोठे कुलूप दिसले की घर बंद असल्याचे कळते आणि कडी-कोयंडा कटावणीने उचकटायला वेळ लागत नाही, म्हणून दाराच्या आत बसणारे लॅच लावून घ्या. दिवसाढवळ्या जळत राहिलेला व्हरांड्यातला दिवा आणि फाटकात साचलेली वर्तमानपत्रे घर रिकामे असल्याची दवंडी पिटतात. जोतिबाच्या यात्रेला किंवा लग्नाला जाताना पेपर-दूध बंद करावे आणि दिवा लावण्या-मालवण्याचे शेजाऱ्यांना सांगावे. चोर कित्येकदा शेजारच्या घरांना बाहेरून कड्या लावून मगच काम सुरू करतात, त्यामुळे समोरच्या आणि मागच्या गल्लीतल्या एकेका घराचाही नंबर जवळ हवा. साज, तोडे अशा नेहमी न लागणाऱ्या वस्तू लॉकरमध्ये ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे, हे मात्र लक्षात असू द्या. प्रत्येक दागिन्याचा फोटो, पावती आणि नव्या हॉलमार्कवरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जपून ठेवा. चोर सापडल्यावर मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो आणि तेव्हा दागिना आपलाच असल्याचे दाखवावे लागते.

तक्रारीला "किरकोळ आहे, जाऊ दे" म्हणू नका. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे, आणि प्रत विनामूल्य मिळते. पुढच्या वेळी कोल्हापूरला याल तेव्हा १९३०, ११२ आणि चार शेजाऱ्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावा आणि त्या चारही घरी जाऊन आपला नंबर देऊन या.