वाचकांचे प्रश्न : डेबियन पॅकेजची निगराणी

प्रश्न : मैत्रिणीने काढलेला देवनागरी फॉन्ट तिने ओएफएल या फॉन्टांसाठीच्या मुक्त परवान्याखाली खुला केला आहे. मी त्याची टीटीएफ ही तयार फॉन्ट-फाइल घेऊन डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज (बसवता येणारा गठ्ठा) बांधलं. लॅपटॉपवर ते व्यवस्थित बसतं. पण स्पॉन्सरने (पॅकेज तपासून डेबियनमध्ये चढवणाऱ्याने) 'सोर्सपासून बांधा' म्हणून परत पाठवलं. तयार टीटीएफमध्ये खोट काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : खोट काही नाही, पण तो सोर्स नव्हे. उद्या 'ऱ्य'ची जोडणी दुरुस्त करायची झाली तर तुमची मैत्रीण टीटीएफ उघडणार नाही. ती ज्या फाइलीत अक्षरं काढते तीच उघडेल. डेबियनच्या लेखी सोर्स म्हणजे ती फाइल, आणि तिच्यापासून फॉन्ट बांधणारी अवजारंही डेबियनच्या 'मेन' या मुख्य, संपूर्ण मुक्त विभागातली हवीत. तयार टीटीएफ घेतलेली जुनी पॅकेजेस संग्रहात सापडतील. त्यांचा दाखला देऊन वाद घालू नका, महिना त्यातच जाईल.

मैत्रिणीला आधी फाइलीचा प्रकार विचारा. यूएफओ असेल तर फॉन्टमेक वापरा, एसएफडी असेल तर फॉन्टफोर्ज. मॅकवरच्या 'ग्लिफ्स' ॲपची फाइल असली तरी फॉन्टमेक ती वाचतो. फक्त त्या ॲपचे खास फिल्टर किंवा प्लगइन वापरले असतील तर बाहेर पडणारा फॉन्ट थोडा वेगळा निघू शकतो. म्हणून तिची टीटीएफ आणि तुमची टीटीएफ ताडून पाहा, आणि तेही नुसत्या नजरेने नको. हार्फबझ या अक्षरजोडणीच्या लायब्ररीसोबत येणारं एचबी-शेप हे साधन 'दऱ्या' आणि 'दर्या' या दोन शब्दांवर चालवा. पहिल्यात 'य'ला बिलगलेला अर्धा 'र' यायला हवा, दुसऱ्यात डोक्यावरचा रफार. दोन्हीकडे एकाच नावाची ग्लिफ (अक्षराची आकृती) आली तर दऱ्या समुद्रात बुडाल्या म्हणून समजा! मग भाषा मराठी अशी सांगून 'ल' आणि 'श' तपासा. मराठी वळणाची अक्षरं फॉन्टात असूनही त्यांना जोडणारा नियम बांधणीत गळालेला असू शकतो. हीच तपासणी पॅकेजच्या रूल्स (बांधणीच्या सूचनांच्या) फाइलीत बांधणीच्या शेवटी घालून ठेवा, म्हणजे पुढे फॉन्टमेकची आवृत्ती बदलून जोडणी मोडली तर बांधणीच थांबेल.

परवान्याच्या फाइलीत 'राखीव फॉन्ट नाव' अशी ओळ आहे का, तेही पाहा. असेल तर फॉन्टात बदल करणाऱ्याला ते नाव वापरता येत नाही, म्हणजे तुम्ही एक पॅच (छोटी दुरुस्ती) लावलात तरी फॉन्टचं बारसं नव्याने करावं लागेल. ती ओळ काढायला मैत्रिणीला आत्ताच सांगा. दहा वर्षांनी तिचा ईमेल पत्ता चालू असेलच असं नाही.

उरलेलं सोपं आहे. पॅकेजचं नाव 'फॉन्ट्स-'ने सुरू होतं, आर्किटेक्चर 'ऑल' (सर्व प्रकारच्या यंत्रांसाठी) लिहायचं आणि फाइल यूएसआर, शेअर, फॉन्ट्स, ट्रूटाइप या वाटेवरच्या स्वतंत्र फोल्डरात ठेवायची. टीटीएफच्या पोटात बदलाची वेळ नोंदलेली असते. फॉन्टमेक आणि फॉन्टफोर्ज ती 'सोर्स डेट इपॉक' या चलातून घेतात आणि त्या चलाची किंमत पॅकेजच्या चेंजलॉगमधल्या (बदलांच्या नोंदवहीतल्या) शेवटच्या तारखेवरून ठरते. दोनदा बांधून दोन्ही फाइली बिट न् बिट सारख्या आल्या की झालं.

प्रश्न : पायथनमधलं एक साधन पॅकेज करतोय. माझ्या यंत्रावर बांधणी सुरळीत होते, सगळ्या टेस्ट पास. एसबिल्ड या कोऱ्या वातावरणात बांधणी करणाऱ्या साधनात मात्र आधी एक मॉड्यूल सापडत नाही, ते दिलं तर तीन टेस्ट पडतात. दोन 'नाव सापडत नाही' म्हणतात, एकीत तारीख एक दिवसाने चुकते. टेस्ट बंदच करू का?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

उत्तर : बंद करू नका. त्या तिन्ही टेस्ट खरं बोलताहेत. तुमचा लॅपटॉप तुम्हाला न सांगता मदत करत होता, एसबिल्ड करत नाही.

एसबिल्डच्या कोऱ्या खोलीत अत्यावश्यक पॅकेजेस, 'बिल्ड-इसेन्शियल' (बांधणीची मूलभूत अवजारं) आणि तुम्ही कंट्रोल फाइलीत 'बिल्ड-डिपेंड्स'समोर लिहिलेलं, एवढंच असतं. वर्षापूर्वी पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाकलेलं मॉड्यूल तिथे कुठून येणार? ते डेबियनमध्ये असेल तर यादीत लिहा. नसेल तर आधी त्याचं पॅकेज करावं लागेल. अशी साखळी पाच-सहा पॅकेजांची निघाली तर हे साधन आत्ता हाती घ्यायचं का, याचाच पुन्हा विचार करा.

'नाव सापडत नाही' म्हणजे टेस्ट इंटरनेटवर जाऊ पाहते आहे. बांधणी चालू असताना बाहेरून काही आणायचं नाही, असा डेबियनचा नियमच आहे. त्यामुळे पॅकेजच्या सोर्समध्ये जे आहे त्यातूनच बांधणी व्हावी लागते. या दोन टेस्टच तेवढ्या वगळा. पायबिल्ड या पायथन पॅकेज बांधणाऱ्या साधनाला टेस्टचे जादा पर्याय देता येतात, तिथे पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचा '-के' पर्याय आणि त्यापुढे 'नॉट' लावून टेस्टचं नाव लिहा. का वगळली ते त्याच ठिकाणी एका ओळीत नोंदवा.

तिसरी टेस्ट मजेची आहे. पुण्यात मध्यरात्रीचे १२ वाजतात तेव्हा यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६.३० झालेले असतात. टेस्ट लिहिणाऱ्याने यंत्राची स्थानिक वेळ धरली आणि कोऱ्या खोलीत ती यूटीसी असते. लॅपटॉपवर टाइमझोन यूटीसी करून टेस्ट चालवलीत तर हाच दोष घरबसल्या दिसेल. दुरुस्ती टेस्टमध्ये करा, टाइमझोन उघड लिहून. त्यात 'एशिया/कोलकाता' असं नाव वापरलंत तर 'टीझेडडेटा' हे टाइमझोनच्या माहितीचं पॅकेजही बिल्ड-डिपेंड्समध्ये घाला. ते असेलच असं धरून चालणाऱ्यांची बांधणी अशीच मोडते. पॅच मूळ लेखकाकडे पाठवा आणि पॅचच्या माथ्यावर वर्णन, उगम आणि 'फॉरवर्डेड' (मूळ लेखकाकडे पाठवला का) या ओळी भरा. न पाठवलेला पॅच प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा बसवावा लागतो, आणि ते काम तुमच्याच गळ्यात असतं.

प्रश्न : २.० ही आवृत्ती घाईने अनस्टेबल या डेबियनच्या चालू विकासाच्या शाखेत चढवली, पण तिने दोन इतर पॅकेजेस मोडली. आता १.८ वर परत कसं यायचं?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : डेबियनमध्ये आकडा मागे जात नाही. १.८ पुन्हा चढवायला गेलात तर संग्रह ते स्वीकारणार नाही आणि २.० बसवलेल्यांच्या यंत्रांना ते अपग्रेड वाटणारही नाही. म्हणून पॅकेजच्या आत १.८ ठेवायचं, आकडा मात्र '२.०+रिअली१.८-१' असा लावायचा (शेवटचा '-१' हा डेबियनच्या पॅकेजचा क्रमांक). दिसायला ओंगळ आहे, पण रुळलेली रीत आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (गुपचूप घुसण्याची वाट) सापडलं तेव्हा डेबियनने '५.६.१+रिअली५.४.५-१' असंच पॅकेज चढवलं होतं.

इथे एक पेच आहे. '२.०+रिअली१.८' हे साध्या २.० पेक्षा मोठं ठरतं. त्यामुळे २.० मधला दोष नुसत्या पॅचने सुटला तरी '२.०-२' असं चढवता येणार नाही. २.०.१ येईपर्यंत थांबा, कारण अधिक चिन्हाचा क्रम टिंबाच्या आधी लागतो आणि २.०.१ सरळ पुढे जातं. नाहीतर '२.०+रिअली२.०-१' लिहा आणि लोकांचं हसू सोसा. शंका असेल तेव्हा तोंडी हिशेब न करता डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या 'कंपेअर-व्हर्जन्स'ला विचारा.

काहीजण आकड्याआधी इपॉक (बाकी आकड्यावर मात करणारा अंक) लावायला सांगतील, म्हणजे '१:१.८-१'. नको. इपॉक एकदा लागला की त्या पॅकेजला जन्मभर चिकटतो. शिवाय फाइलीच्या नावात तो येत नाही, त्यामुळे पूर्वीच्या '१.८-१'च्या फाइलींशी नाव धडकतं.

पुढच्या वेळी उमेदवार आवृत्ती '२.०~आरसी१-१' अशी लिहून एक्सपेरिमेंटल या चाचणीच्या शाखेत टाका. '~' लावलेला आकडा २.० च्या आधी गणला जातो आणि अनस्टेबल चालवणाऱ्यांवर ती आपोआप जाऊन पडत नाही.

प्रश्न : एका पॅकेजमधली माहितीपानं काढून वेगळ्या '-डॉक' पॅकेजमध्ये हलवली. नव्याने बसवणाऱ्यांना अडचण नाही, पण अपग्रेड करणाऱ्यांकडे डीपीकेजी 'दुसऱ्या पॅकेजची फाइल पुसू पाहतोय' म्हणून थांबतं.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : जुनं पॅकेज अजून यंत्रावर आहे आणि ती फाइल त्याच्या नावावर आहे. मालकी बदलल्याचं डीपीकेजीला तुम्हीच सांगायला हवं. हलवाहलव '१.८-३' मध्ये झाली असेल तर नव्या '-डॉक' पॅकेजला 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' अशा दोन ओळी द्या. दोन्हींत जुन्या पॅकेजचं नाव आणि '<< १.८-३~' (म्हणजे त्याआधीच्या आवृत्त्या) ही अट लिहा. शेवटचं '~' बॅकपोर्टसाठी (नवी आवृत्ती जुन्या, स्टेबल शाखेसाठी बांधतात त्यासाठी) आहे, ते गाळू नका. दोन्ही ओळी हव्यात, कारण नुसत्या 'रिप्लेसेस'वर कुणी जुनं पॅकेज परत बसवलं की घोळ पुन्हा सुरू. हे नवं बसवून कळत नाही, म्हणून स्टेबलमधून अपग्रेड करून पाहा. पीयूपार्ट्स हे साधन तेच करतं.

प्रश्न : डेबियन मेंटेनर (ठरावीक पॅकेजेस स्वतः चढवू शकणारी स्वयंसेवक) व्हायचंय. जीपीजी किल्लीवर (डिजिटल सहीच्या किल्लीवर) सही कशी मिळवायची?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : निदान एका डेबियन डेव्हलपरची (प्रकल्पाच्या पूर्ण सभासदाची) सही लागते आणि त्यासाठी प्रत्यक्ष भेटणं उत्तम. ४०९६ बिटांची आरएसए किल्ली करा. तिचा ४० अक्षरी ठसा (किल्लीची ओळख पटवणारा क्रमांक), नाव आणि ईमेल यांच्या दहा-बारा चिठ्ठ्या छापून घ्या. ठसा गुप्त नसतो, त्यामुळे अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात छापल्या तरी चालतात. छापून आल्यावर मात्र मूळ ठशाशी अक्षर न् अक्षर ताडा. भेटीला लॅपटॉप उघडायची गरज नाही. पासपोर्टसारखं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, चिठ्ठी द्यायची, समोरच्याची घ्यायची. किल्लीवरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं, 'पिंकी' चालणार नाही.

तुम्ही दुसऱ्याच्या किल्लीवर सही कराल तेव्हा घरी येऊन उतरवलेल्या किल्लीचा ठसा चिठ्ठीशी जुळवा. सही केलेली किल्ली थेट कुठल्या सर्व्हरवर चढवू नका. तिच्यावरच्या प्रत्येक ईमेल पत्त्यावर ती एन्क्रिप्ट करून पाठवा. 'कॅफ' हे साधन हे पाठवण्याचं काम स्वतः करतं. पत्ता खोटा असेल तर ती सही कुणाच्याच हाती लागत नाही.