खाऱ्या वाऱ्यात दाराला कुठल्या बिजागऱ्या बसवायच्या?

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं घर देवबागला, एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. दोन वर्षांपूर्वी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा दुकानदाराने 'स्टेनलेस आहे, गंज धरणारच नाही' असं सांगून बिजागऱ्या, टॉवर बोल्ट, हँडलं दिली. आता पडवीतल्या दारांवर सगळीकडे तांबूस डाग आलेत आणि बाथरूमचं चकचकीत हँडल फुगून त्याचे पापुद्रे निघतायत. नवल म्हणजे मागचं दार अख्खा पावसाळा भिजतं, सामान तेच, तरी ते बरं आहे. गणपतीच्या आधी सगळं बदलायचंय, काय घेऊ? (एक वाचक, देवबाग)

उत्तर: ताई, मागच्या दाराचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. लोखंड पाण्याने गंजतं हे खरं, पण स्टेनलेसचा खरा वैरी मीठ. मागच्या दारावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पडवीत पाऊस पोचत नाही पण खारा वारा बारा महिने पोचतो, मग मीठ साठत जातं, हवेतली ओल ओढून घेतं (पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच) आणि त्या ओलीत स्टीलला बारीक बारीक भोकं पडायला लागतात.

आता दुकानातलं 'एसएस', म्हणजे स्टेनलेस स्टील. नुसतं एसएस म्हणून घेऊच नका, ग्रेडचा नंबर विचारा. स्वस्तातला माल बहुतेक वेळा २०२ असतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, किनाऱ्यावर तो टिकत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल, आतल्या खोल्यांना तो चालतो. पण तुमच्यासारखं समुद्राच्या तोंडावर घर असेल तर बाहेरच्या आणि बाथरूमच्या दारांना ३१६ च घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि तोच मिठाला तोंड देतो. महाग पडतं, पण दर दोन वर्षांनी सुताराला बोलावण्यापेक्षा परवडतं. आणि लोहचुंबक लावून बघायला सांगतात त्यावर जाऊ नका, २०२ लाही बहुधा चुंबक चिकटत नाही, त्यामुळे काहीच कळत नाही, बिलावर ग्रेड लिहून मागा हेच बरं. फिनिश गुळगुळीत घ्या, खरखरीत ब्रशवाल्यात मीठ अडकतं.

स्क्रू! इथेच सगळे फसतात. बिजागरी ३१६ ची आणि सुतार खिशातले साधे लोखंडी स्क्रू मारून मोकळा होतो, मग स्क्रू गंजतो, त्याचे ओघळ बिजागरीवर येतात आणि आपण बिजागरीला नावं ठेवतो. स्क्रू त्याच ग्रेडचे आणून स्वतः सुताराच्या हातात द्या.

बाथरूमचं ते हँडल स्टेनलेस नाहीच, जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम असणार नि वरून क्रोमचा मुलामा. मुलाम्याला बारीक चीर गेली की आतलं जस्त फुगतं. दुरुस्त होत नाही, बदला. आणि टाइल्स अ‍ॅसिडने धुवायची सवय असेल तर ती सोडा, त्याच्या वाफेने ३१६ सुद्धा काळवंडतं.

नवीन सामान बसवल्यावर पडवीतली दारं महिन्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने पुसून कोरडी करा, मार्च ते मे पाऊस नसतो तेव्हा पंधरा दिवसांनी. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. डाग घासायला तारेची घासणी अजिबात वापरू नका, तिचे लोखंडाचे कण मागे राहतात आणि तेच गंजतात.

प्रश्न: आजोबांच्या वेळची पितळी कडी आणि बिजागऱ्या हिरव्या पडल्यात, काढून टाकू का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: नका हो काढू! हिरवं पडतं ते वरवरचं, जाड ओतीव पितळ आत शाबूत असतं, चिंचेने घासलं की निघतं, फक्त नंतर पाण्याने नीट धुऊन कोरडं करा. स्क्रू मात्र बघा, कुणी मधे लोखंडी मारले असतील तर पितळेला चिकटून ते स्क्रू लवकर गंजून झिजतात आणि एक दिवस दार खाली येतं. तिथे पितळी स्क्रू लावा.